‘विक्रीसाठीं नाहीं’

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं आपल्या डोळ्यांपुढें ताम्रपट, बखरी, रोजकीर्दी आणि जुनीं दप्तरें उभीं राहतात. तीं ज्यांनीं लिहिलीं त्यांची तीं टिकावीं अशी इच्छा तरी होती. निदान तीं लौकर नाहींशीं व्हावीं असा हेतु खास नव्हता. परंतु ज्या वस्तु दोनतीन महिन्यांनीं केरांत जाव्या एवढ्याच बेतानें बनविल्या गेल्या, त्यांनाहि इतिहासाच्या साधनांत स्थान द्यावें काय? हा प्रश्न आमच्या मनांत गेल्या वर्षीं एका तळघरांत उभा राहिला, आणि तो अद्यापि खालीं बसलेला नाहीं.

तें तळघर अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांत राहणाऱ्या आमच्या एका मामेबंधूंचें. गृहस्थ पेशानें इंजिनियर, वयानें पंचेचाळिशीच्या आसपास, स्वभावानें हिशेबी. सिगारेट नाहीं, पत्ते नाहींत. असा मनुष्य जिना उतरतांना आम्हांस एकदम म्हणाला, “तात्या, जरा जपून, भिंतीला अंग लावूं नका.” खालीं दिवा लागला, आणि पाहतों तों भिंतीच्या कडेनें पुठ्ठ्याचीं माणसें उभीं! लाल टोपीचा, भरघोस मिशांचा मारिओ. त्याच्या शेजारीं रंग उडालेलीं पोस्टरें. आंतून उजळणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाट्या. आणि मध्यें एका मेजावर राखी रंगाची एक अवजड पेटी, जींत एकाच वेळीं बारा खेळ बसवितां येतात. वहिनी मागून म्हणाल्या, “घरांत पाहुणा आला कीं माझ्याआधीं ह्या पुठ्ठ्यांची ओळख करून देण्यांत येते!”

हें सर्व सामान म्हणजे व्हिडिओ गेमचा माल खपविण्यासाठीं अमेरिकेंतील खेळण्यांच्या आणि विजेच्या उपकरणांच्या दुकानांतून एके काळीं मांडलेला जाहिरातीचा संभार. खेळ नव्हेत, खेळ विकण्याचीं साधनें. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. खेळांची कार्ट्रिजें लाखांनीं खपलीं, तीं घरोघर गेलीं, माळ्यावर पडून राहिलीं, आणि म्हणून आज सांपडतातहि. दुकानांतला फलक मात्र दुकानागणिक एकच. आणि हंगाम संपला कीं तो मोडून टाकण्याचीच रीत. त्यांपैकीं कित्येक वस्तूंवर ठळक अक्षरांत छापलेलें असतें : ‘विक्रीसाठीं नाहीं’. जपानांतहि हीच तऱ्हा. तेथें अशा वस्तूंस ‘हिबाइहिन’ म्हणतात, अर्थ तोच, आणि त्या नांवाचा संग्राहकांचा एक स्वतंत्र पंथच आहे. जें विकावयाचें नव्हतें तेंच आज सर्वांत महाग विकलें जावें, ही विसंगति गमतीची खरी. पण आमचें लक्ष वेधलें तें दुसऱ्याच एका गोष्टीनें. ह्या फलकांचें पहिलें गिऱ्हाईक मूल नव्हतें, दुकानदार होता. या धंद्यांत कोणत्या वर्षीं कोण कोणाला भीत होतें, हें ह्या पुठ्ठ्यांवरून जितकें स्पष्ट वाचतां येतें तितकें खेळांवरून वाचतां येत नाहीं.

आरंभापासूनच यंत्र आणि दुकान यांचें नातें अवघडलेलें होतें. राल्फ बेअर यांच्या कल्पनेंतून निघालेलें ‘ओडिसी’ हें पहिलें घरगुती यंत्र मॅग्नाव्हॉक्स कंपनीनें १९७२ सालीं बाजारांत आणलें, तें आपल्याच टेलिव्हिजन-विक्रेत्यांकरवीं. परिणाम असा झाला कीं, हें यंत्र मॅग्नाव्हॉक्सच्याच टेलिव्हिजनला लागतें असा पुष्कळ गिऱ्हाइकांचा ग्रह झाला. ग्रह खोटा होता. पण दुकानाच्या मांडणीनेंच तो उत्पन्न केला होता. पुढें १९७५ सालीं अटारी कंपनी आपलें घरगुती ‘पाँग’ घेऊन खेळण्यांच्या व्यापाऱ्यांकडे गेली, तेव्हां त्यांनीं मान हलविली. शेवटीं तें घेतलें सिअर्स ह्या बलाढ्य दुकानसंस्थेच्या क्रीडासाहित्य-विभागानें! त्या नाताळासाठीं सिअर्सनें सुमारें दीड लाख यंत्रें मागविलीं आणि त्यांवर नांव घातलें तें स्वतःच्या ‘टेली-गेम्स’ या छापाचें. हें यंत्र खेळणें आहे, उपकरण आहे, कीं चेंडूफळीच्या पंक्तीला बसणारें क्रीडासाहित्य आहे? दुकानाचें जें फडताळ त्याला जागा देईल तीच त्याची जात, असा हा प्रकार होता.

अटारीचें कार्ट्रिजें बदलून खेळावयाचें यंत्र १९७७ सालीं आलें, १९८० सालीं ‘स्पेस इन्व्हेडर्स’च्या कार्ट्रिजनें त्याला पंख फुटले, आणि पुढचीं दोन वर्षें दुकानदारांना दिवस कीं रात्र हें उमगेना इतका खप झाला. मग जो तो खेळ काढूं लागला. ज्यांचा खेळांशीं कधीं संबंध आला नव्हता अशाहि कंपन्या यांत उतरल्या. दुकानदारांनीं मागेल तेवढा माल मिळत नाहीं म्हणून मागणी फुगवून नोंदविली, आणि एके दिवशीं तो सर्व माल खरोखरीच येऊन पडला. ७ डिसेंबर १९८२ रोजीं अटारीच्या धनी असलेल्या वॉर्नर कंपनीनें विक्रीचे अंदाज खालीं आणल्याचें जाहीर केलें आणि दुसऱ्या दिवशीं तिच्या भागांचा भाव सुमारें एकतृतीयांशानें कोसळला. त्याच नाताळांत, अवघ्या पांच आठवड्यांत घाईनें रचलेला ‘ई. टी.’चा खेळ ढिगानें दुकानांत पडून राहिला.

येथें दुकानदाराच्या जागीं क्षणभर उभें राहून पाहिलें पाहिजे. न खपलेला माल परत करावा, तर ज्यांच्याकडून घेतला त्या लहानसहान कंपन्यांचें दिवाळें निघालेलें. मग तीस-पस्तीस डॉलरांचीं कार्ट्रिजें दाराशीं टोपल्यांत ओतून पांच डॉलरांना काढण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं; आणि टोपलींत पांच डॉलरांना मिळत असतां आंतल्या फडताळावरचें पस्तीस डॉलरांचें कोण घेणार? चांगला मालहि वाईटाबरोबर बुडाला. या घरगुती खेळांचा अमेरिकेंतील व्यापार १९८३ च्या सुमारास ३२० कोटि डॉलरांचा होता, तो १९८५ पर्यंत १० कोटींवर आला असें सामान्यतः सांगतात. अटारीनें तर सप्टेंबर १९८३ मध्यें न खपलेला माल न्यू मेक्सिकोंतील आलामोगोर्डो गांवाबाहेर कचऱ्याच्या खड्ड्यांत पुरला. २६ एप्रिल २०१४ रोजीं तो खड्डा उकरण्यांत आला, तेव्हां सुमारें तेराशें कार्ट्रिजें वर निघालीं. त्यांतलें ‘ई. टी.’चें एक वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहांत गेलें, आणि गांवानें लिलांवांत काढलेल्या मालाचे एक लाखाहून अधिक डॉलर आले. कचऱ्याचीं पेवें फोडून धन काढल्याची ही गोष्ट एखाद्या कहाणींत शोभावी अशी आहे.

या पडझडीनंतर अमेरिकन दुकानदाराच्या तोंडीं ‘व्हिडिओ गेम’ हा शब्द अपशकुनासारखा झाला. नेमक्या त्याच वेळीं जपानांतील क्योतो शहरची निंटेंडो कंपनी अमेरिकेच्या दाराशीं आली. ही कंपनी १८८९ सालीं फुलांचीं चित्रें असलेले खेळण्याचे पत्ते बनविण्यासाठीं निघालेली. जुलै १९८३ मध्यें तिनें जपानांत ‘फॅमिकॉम’ हें यंत्र काढलें होतें व तें भरपूर खपत होतें. पण अमेरिकन व्यापारी तें पाहावयासहि तयार होईनात. तेव्हां कंपनीनें जें केलें तें वेषांतर होय; दुसरा शब्द आम्हांस सुचत नाहीं. लाल-पांढऱ्या रंगाचें जपानी यंत्र जाऊन त्याच्या जागीं व्हिडिओ-कॅसेट लावण्याच्या यंत्रासारखी दिसणारी राखी पेटी आली, पुढून झांपण असलेली. तिला खेळाचें यंत्र म्हणावयाचें नाहीं, ‘एंटरटेनमेंट सिस्टिम’ म्हणावयाचें. मुख्य पेटी ती ‘कंट्रोल डेक’. कार्ट्रिज तें ‘गेम पाक’. आणि सर्वांच्या पुढें मांडावयाचा एक यंत्रमानव, ‘रॉब’. टेलिव्हिजनच्या पडद्यावरील लुकलुक डोळ्यांनीं टिपून तो हात हलवी व चकत्या उचलून ठेवी. त्याच्यासाठीं आयुष्यभरांत दोनच खेळ निघाले, आणि ते दोन्ही फार करमणुकीचे होते असें कोणी म्हणत नाहीं. पण रॉबचें काम खेळणें हें नव्हतेंच. दुकानाच्या दारांत उभें राहून ‘हें खेळणें आहे हो, व्हिडिओ गेम नव्हे’ एवढें सांगणें हें त्याचें काम. तें त्यानें बजावलें, आणि मग दोनतीन वर्षांत कंपनीनें त्याला गुपचुप निरोप दिला.

ऑक्टोबर १९८५ मध्यें न्यूयॉर्क शहरांत या यंत्राची परीक्षा झाली. सर्वांत कठीण बाजारपेठ म्हणूनच ती निवडली होती. कंपनीचे अमेरिकेंतील अध्यक्ष मिनोरु अराकावा आपल्या थोड्याशा मंडळींना घेऊन पश्चिम किनाऱ्याजवळच्या रेडमंडहून आले आणि न्यू जर्सींतील हॅकेन्सॅक गांवीं त्यांनीं वखार थाटली. दुकानदारांशीं करार ठरला तो असा : माल आम्ही आणूं, मांडणी आम्ही करूं, नव्वद दिवस पैसे देऊं नका, आणि जें खपणार नाहीं तें आम्ही परत नेऊं. अशा अटींवरहि कित्येकांनीं नाहींच म्हटलें. शेवटीं सुमारें ५०० दुकानें राजी झालीं. कंपनीचे नोकर दिवसा दुकानांतून यंत्राचें प्रात्यक्षिक करीत, आणि फलक, टेलिव्हिजन, रॉब व पेट्यांचे मनोरे यांची मांडणी स्वतःच्या हातांनीं करीत. मोठमोठ्या हुद्द्यांवरील माणसेंहि ओझीं वाहण्यांतून सुटलीं नाहींत. पाठविलेल्या मालापैकीं सुमारें निम्मा, म्हणजे ५०,००० च्या आसपास यंत्रें त्या हंगामांत खपलीं. दिग्विजय नव्हे, पण मेलेला म्हणून ज्याचें सुतक फिटलें होतें तो धंदा श्वास घेत होता, एवढें सिद्ध झालें. पुढच्या वर्षीं तें यंत्र देशभर गेलें. त्या वांटपांत ‘वर्ल्ड्स ऑफ वंडर’ ह्या खेळण्यांच्या कंपनीनें हात लावला. बोलणारें अस्वल विकून गाजलेली ही कंपनी अटारींतून बाहेर पडलेल्या मंडळींनींच काढली होती. ज्यांनीं दुकानदाराचा विश्वास बुडतांना पाहिला, त्यांच्याच हातून तो पुन्हा मिळविण्याचें काम झालें.

येथें एक लहानसें विषयांतर केल्यावांचून राहवत नाहीं. दुकानदाराचा भ्रम टिकविण्यासाठीं पुढून झांपण लावलेली ती पेटी दिसण्यांत सभ्य होती. पण कार्ट्रिज आंत सरकवून खालीं दाबण्याच्या त्या रचनेंत आंतील जोडणीचे पत्रे कालांतरानें सैल पडत, आणि चित्र लुकलुकूं लागे. मग अमेरिकेंतील एक संबंध पिढी कार्ट्रिजच्या तोंडांत फुंकर मारीत लहानाची मोठी झाली. फुंकरेनें कांहीं होत नसे. उलट तोंडाच्या ओलाव्यानें पत्रे अधिक बिघडत. जाहिरातीसाठीं घेतलेलें सोंग अखेर यंत्राच्या हाडांत शिरलें तें असें.

त्या न्यूयॉर्कच्या परीक्षेचे अवशेष आज अत्यंत दुर्मिळ आहेत. परीक्षेच्या काळांतील खेळांच्या पेट्या प्लॅस्टिकच्या वेष्टनांत नसत, एका लहानशा चिकटपत्रानें मिटविलेल्या असत. तशी एक न उघडलेली ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची पेटी फेब्रुवारी २०१९ मध्यें १,००,१५० डॉलरांस विकली गेली. त्या पेट्यांच्या मागें जे फलक उभे होते, ज्यांनीं खरें काम केलें, त्यांचे मात्र बहुतेक तुकडेच हातीं लागतात.

आतां १९८७ नंतरचा पुठ्ठा पाहावा. सूर किती बदलला आहे! ‘वर्ल्ड ऑफ निंटेंडो’ या नांवानें दुकानांतच एक दुसरें दुकान उभें राहूं लागलें. पाट्या, फडताळें, रंग, अक्षरें, सर्व कंपनीच्या हुकमाचें. आतां यंत्र कोणत्या विभागांत बसवावें याची चर्चा संपली. त्याचा विभागच त्याच्या नांवाचा झाला. मामेबंधूंच्या मेजावरील ती बारा खेळांची राखी पेटी ह्याच काळची. तिचें नांव ‘एम-८२’. दुकानदारानें बारा कार्ट्रिजें आंत बसवावयाचीं, मुलानें कळ दाबून हवा तो खेळ निवडावयाचा. आणि एका मुलाला किती वेळ खेळूं द्यावयाचें हें दुकानदारानें आधींच ठरवून ठेवावयाचें. वेळ भरली कीं खेळ आपोआप तुटे. मूल उड्डाणाच्या मध्यावर असो कीं राक्षसाच्या तोंडाशीं असो, पेटीला त्याचें कांहीं नाहीं. तहान लागेल इतकेंच पाणी पाजावें, हें तत्त्व इतक्या स्वच्छपणें लोखंडांत उतरलेलें आम्हीं दुसरीकडे पाहिलें नाहीं. मामेबंधूंनीं ती चालू करून दिली, आणि आमच्या साठीच्या बोटांना थोडी गति येते न येते तोंच पडदा कोरा झाला. आम्हांस राग आला, हें कबूल केलें पाहिजे.

पांच वर्षांपूर्वीं ‘पैसे देऊं नका’ म्हणून आर्जव करणाऱ्या कंपनीनें आतां दुकानदाराला भाव ठरवून द्यावा इतका हा पालट झाला. यंत्र ९९.९५ डॉलरांच्या खालीं विकूं नये असा दाब कंपनी दुकानांवर आणते, असा आरोप अमेरिकन सरकारच्या व्यापार-आयोगानें व कांहीं संस्थानांनीं केला. १९९१ सालीं तडजोड झाली. दोष कबूल न करतां कंपनीनें गिऱ्हाइकांना पांच-पांच डॉलरांच्या सवलतीच्या चिठ्ठ्या देण्याचें मान्य केलें, एकंदर अडीच कोटि डॉलरांपर्यंत. त्या चिठ्ठ्यांमुळें पुढची खरेदीहि कंपनीकडेच वळली, हें सांगावयास नकोच.

चिठ्ठ्यांवरून ‘टॉइज आर अस’ या प्रचंड दुकानाची आठवण झाली. तेथें त्या काळीं खेळ फडताळावर नसतच. भिंतभर खेळांच्या पेट्यांचीं चित्रें टांगलेलीं, आणि प्रत्येक चित्राखालीं एका पिशवींत कागदी चिठ्ठ्या. मुलानें आपल्या खेळाची चिठ्ठी काढावयाची, वडिलांनीं ती पैसे भरण्याच्या जागीं द्यावयाची, आणि पावती घेऊन जाळीच्या खोलीपुढें उभें राहावयाचें. आंतला मनुष्य खेळ आणून हातीं देई. पिशवी रिकामी असेल तर खेळ संपला म्हणून समजावें. त्या जाळीपुढें उभें राहण्याची धडधड आज पन्नाशीला आलेलीं माणसेंहि विसरलेलीं नाहींत. एवढ्या मोठ्या घडामोडींतून शिल्लक राहावयाचें काय? एक चतकोर कागद. आणि तो कागद आज संग्राहक कांचेंत बसवून ठेवतात. त्या कंपनीचीं अमेरिकेंतील दुकानें जून २०१८ अखेर बंद झालीं, तेव्हांपासून तर त्या कागदाला वारसाहक्काची कळा आली आहे.

सेगा कंपनीच्या काळाची हकीकत थोडक्यांतच सांगतों. वॉलमार्टनें आपला माल घेईना, तेव्हां त्या दुकानसंस्थेचें मुख्य ठाणें असलेल्या बेंटनव्हिल गांवांतच आपण दुकान उघडून व रस्त्यांवर फलक लावून तिला जेरीस आणलें, असें सेगाचे त्या वेळचे प्रमुख टॉम कालिन्स्के सांगत असत. गोष्ट सांगणाराच नायक असल्यामुळें ती थोडी झाडूनच घ्यावी. पण ११ मे १९९५ चा प्रसंग निःसंशय आहे. सप्टेंबरांत यावयाचें ‘सॅटर्न’ यंत्र सेगानें त्या दिवशीं एकाएकीं ३९९ डॉलरांस आणलें, आणि दिलें फक्त चार दुकानसंस्थांना. त्याच सभेंत सोनीच्या गृहस्थांनीं व्यासपीठावर येऊन ‘दोनशें नव्याण्णव’ एवढेच शब्द उच्चारले व ते खालीं बसले. वगळलेल्या दुकानदारांचा संताप झाला. के-बी टॉइज या संस्थेनें तर सेगाचा माल ठेवणेंच सोडलें. दुकानाची भिंत एकदां गेली कीं यंत्र कितीहि चांगलें असलें तरी त्याला टेंकावयास जागा राहत नाहीं.

हें सामान वांचलें कसें? कंपन्यांनीं वांचविलें नाहीं. हंगाम संपला कीं मोडून टाका, हाच दंडक. वांचविलें तें दुकानांत तासावर राबणाऱ्या कोवळ्या पोरांनीं. फलक भिंतीवर असतांनाच त्याच्या पाठीवर पेन्सिलीनें आपलें नांव लिहून ठेवावयाचें, म्हणजे काढल्यावर दुसऱ्या कोणी न्यावयाचा नाहीं. मग तो फलक बिऱ्हाडामागून बिऱ्हाडें बदलीत, आईच्या शिव्या खात, गादीखालीं किंवा माळ्यावर तीस वर्षें काढतो. दुकानाच्या खिडकींत ज्यानें ऊन खाल्लें तो निळा पडतो. कारण छपाईंतील तांबडा व पिवळा रंग उन्हानें आधीं उडतो आणि निळा मागें राहतो. राखी प्लॅस्टिकच्या पाट्या उलट पिवळ्या पडतात. पुठ्ठा ओल धरतो व त्याला पापुद्रे सुटतात. सारांश, वस्तु टिकविण्याचा खटाटोप एखाद्या जुन्या पोथीइतकाच आहे; फरक एवढा कीं पोथीचा कागद टिकावा म्हणून बनविलेला असतो.

आणि जेथें किंमत आली तेथें नक्कल आली. आमच्या मामेबंधूंनीं कांहीं वर्षांपूर्वीं १९८८ सालचें म्हणून एक दुकानी पोस्टर एका विक्रेत्याकडून बरेच पैसे मोजून घेतलें. घडीच्या खुणा होत्या, कडा मळलेल्या होत्या, खालीं साल छापलेलें होतें. पण त्यांनीं भिंग लावून पाहिलें तेव्हां त्यांचा चेहरा उतरला. जुन्या छापखान्यांत चार रंगांचे ठिपके नेमक्या कोनांनीं पडत, म्हणून भिंगाखालीं त्यांचीं बारीक फुलें उमललेलीं दिसतात. ह्या पोस्टरावर फुलें नव्हतीं. घरगुती छपाईयंत्रानें उडविलेले वेडेवांकडे तुषार होते. घड्या आणि मळ मुद्दाम केलेले. पैसे बुडाले त्याचें त्यांना इतकें वाटलें नाहीं. “तात्या,” ते म्हणाले, “त्या पोस्टरावरचा मजकूर खऱ्यावर होता तोच आहे कीं कोणी बदलला, हें मला आतां कळणार कसें?” हा प्रश्न एका छांदिष्टाचा नाहीं, इतिहासकाराचा आहे, आणि आम्हांपाशीं त्याला उत्तर नव्हतें.

संस्थांनीं या कामांत उशिरां कां होईना लक्ष घातलें आहे. न्यूयॉर्क संस्थानांतील रॉचेस्टर येथें ‘स्ट्राँग’ हें खेळ-संग्रहालय आहे. बाहुल्या आणि खेळणीं हजारांनीं जमविणाऱ्या मार्गारेट वुडबरी स्ट्राँग या बाईंच्या संग्रहांतून तें निघालें, आणि २००९ सालीं त्यानें विद्युत्-खेळांच्या इतिहासासाठीं स्वतंत्र केंद्र काढलें. बाईंच्या हयातींत त्यांच्या बाहुल्यांना ‘साधन’ म्हणणारे किती निघाले असते? २०१७ सालीं फ्रँक सिफाल्डी यांनीं स्थापिलेली ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ ही संस्था तर मासिकें, जाहिराती, विक्रेत्यांसाठीं छापलेलीं पत्रकें यांसच मुख्य धन समजते, आणि जानेवारी २०२५ पासून तिचा संग्रह अभ्यासकांस घरबसल्या पाहतां येतो. ह्याच संस्थेनें २०२३ सालीं दाखवून दिलें कीं, अमेरिकेंत निघालेल्या जुन्या खेळांपैकीं ८७ टक्के आज बाजारांत रीतसर विकत मिळत नाहींत. खेळांचीच ही गत, तर त्यांच्या पुठ्ठ्यांचें काय विचारतां? तरी आमचें असें मत झालें आहे कीं, संस्था पोहोंचेपर्यंत जें टिकलें तें खासगी लोभानेंच टिकलें. लोभ ही चांगली राखणदार नव्हे. भाव चढला कीं ती दार उघडून देते. परंतु १९८९ सालीं रॉचेस्टरचा कोणी अधिकारी दुकानाच्या मागल्या दारीं कचऱ्याच्या डब्यापाशीं उभा नव्हता, तो पेन्सिलवाला पोऱ्या उभा होता.

आमच्या मामेबंधूंना हा नाद कसा लागला, हें आम्हीं त्यांना शेवटच्या रात्रीं विचारलें. त्यांचें बालपण गिरगांवांतलें. १९९० नंतरच्या त्या वर्षांत आपल्याकडील मुलांना हे खेळ भेटले ते बहुधा नकली यंत्रांवर. एका कार्ट्रिजमध्यें शेंकडों खेळ असल्याची बढाई मारणारे आणि तेच दहाबारा खेळ नांवें बदलून पुन्हा दाखविणारे ते डबे. मारिओ त्यांनीं पाहिला तो चाळींतल्या एका श्रीमंत मित्राकडे, पाळी लावून. त्या मारिओसाठीं कोठें पुठ्ठ्याचे पुतळे उभे राहतात, भिंतीच्या भिंती रंगवितात, याची त्यांना वार्ताहि नव्हती. शिक्षणासाठीं अमेरिकेंत आल्यावर एका मोडकळीस आलेल्या दुकानांत त्यांनीं पहिला फलक पाहिला, आणि मालकानें तो फुकट देऊन टाकला. “माझ्याबरोबर कामावर असतात त्यांना आपलें बालपण परत हवें असतें,” ते म्हणाले. “माझें तें नव्हतेंच. मला पाहावयाचें होतें, कीं तें होतें तरी कसें.”

त्यांच्या चिरंजीवांना या तळघरांत रस नाहीं. ते खेळ विकत घेतात ते थेट यंत्रावर उतरवून. दुकान नाहीं, पेटी नाहीं, पुठ्ठा नाहीं. निंटेंडोनें आपल्या दोन जुन्या यंत्रांचें असें अदृश्य दुकान २७ मार्च २०२३ रोजीं विक्रीस बंद केलें, तेव्हां त्या दुकानाच्या दर्शनी भागाचा एकहि तुकडा कोणाला काढून घरीं नेतां आला नाहीं.

निघण्यापूर्वीं आम्ही पुन्हा एकदां खालीं उतरलों. कोपऱ्यांत एक पोस्टर भिंतीकडे तोंड करून टांगलेलें दिसलें. आम्हांस वाटलें, चुकून उलटें लागलें असावें, म्हणून तें सरळ करावयास हात पुढें केला. पण मामेबंधूंनीं तो अडविला. पुढची बाजू उन्हानें अगदीं निळी होऊन गेली आहे, तींत पाहण्यासारखें कांहीं राहिलें नाहीं, असें ते म्हणाले. मागच्या कोऱ्या बाजूवर, उजवीकडे खालीं, मुलाच्या वळणाच्या पेन्सिलीच्या अक्षरांत एक पहिलें नांव होतें, आणि त्याखालीं इंग्रजींत तीन शब्द, ज्यांचा अर्थ : ‘जानेवारींत माझें. काढूं नका.’